पाखरीचं थेट प्रक्षेपण

३ ऑक्टोबर, शुक्रवार

दसरा झाला, सोनं वाटून झालं, आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाआधी माणसाने टिपणं ठेवावीत. पुढे कोणी मुलाखत घ्यायला आलं तर आठवत बसावं लागत नाही.

काम असं की आमची तालीम, म्हणजे पेठेचं मंडळ, दरवर्षी दिवाळीच्या पाडव्याला म्हशींची स्पर्धा घेते. म्हशी सजवून आणायच्या. मालकाने सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलवरून पुढे सुटायचं, म्हशीने त्या आवाजामागे पळायचं, आणि पंचांसमोर येऊन शिट्टी होईपर्यंत गप्प उभं राहायचं. हे वैभव आजवर फक्त शिवाजी पेठेने बघितलं. यंदा जग बघेल, कारण इंटरनेटवर थेट प्रक्षेपण होणार आहे. तालमीच्या मीटिंगमध्ये ही जबाबदारी कोण घेणार असं विचारलं तेव्हा मी हात वर केला. दुसऱ्या कुणीच केला नाही. म्हणजे निवड बिनविरोध.

पात्रतेचं म्हणाल तर करोनात आमच्या कॉलेजचे सगळे ऑनलाइन कार्यक्रम ऑफिसातून मीच चालवले. प्राचार्यांना म्यूट करणारा जिल्ह्यातला मी एकमेव हेडक्लार्क असेन.

प्रमोदिनीला सांगितलं. ती म्हणाली, अभिनंदन, गॅसचा नंबर लावायचा राहिलाय. बायको नववीला विज्ञान शिकवते, पण घरात विज्ञान येतंय म्हटलं की तिला गॅस आठवतो.

५ ऑक्टोबर, रविवार

गणपतरावांकडे गेलो. दोन घरं सोडून त्यांचा गोठा. आमचं दूध त्यांचंच. संध्याकाळी ते म्हशी घेऊन गंगावेशीत कट्ट्यावर उभे राहतात आणि लोक ग्लास पुढे करून समोर काढलेलं, फेसासकट दूध पितात. त्यांची पाखरी म्हणजे पेठेचं भूषण. गेली दोन वर्षं स्पर्धेची ढाल तिचीच.

यंदा मात्र गोठ्यात सुतक असल्यासारखं वाटलं. गणपतरावांच्या धोंडुबाई बाळंतपणाला नेसरीला गेल्यात, मुलीकडे. स्नेहलला मुलगी झाली. सव्वा महिना होईपर्यंत हलायचं नाही, म्हणजे पाडवा गेला. आणि पाखरी लहान रेडकू होती तेव्हापासून तिला धोंडुबाईंनीच वाढवलेलं. त्या गेल्यापासून पाखरी रुसलीय. दूध आटलं. गणपतराव मोटारसायकल चालू करतात तेव्हा ती दुसरीकडे बघते.

वाईट वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. पाखरीचं वय झालं. हे तिचं शेवटचं पळणं. पुढच्या साली ती गोठ्यातच. धोंडुबाईंनी एकही पाडवा चुकवलेला नाही आणि नेमका शेवटचा चुकणार. फोनवर त्या म्हणे रडल्या, एवढं एक पळणं डोळ्यानं बघायला मिळू दे म्हणाल्या.

मी तिथेच शब्द दिला. धोंडुबाई नेसरीत बसून सगळं बघतील, थेट. गणपतरावांनी दोनदा विचारलं, नरसिंगराव, खरंच दिसंल न्हवं? मी छातीवर हात ठेवला. असा हात ठेवायला मला आवडतं.

८ ऑक्टोबर, बुधवार

अभ्यास सुरू. एक इंग्रजी व्याख्यान दुप्पट वेगाने बघितलं, म्हणजे निम्म्या वेळात पूर्ण समजलं.

समजलं ते असं. कॅमेरा सेकंदाला ढीगभर चित्रं काढतो. ती सगळी जशीच्या तशी इंटरनेटमधून पाठवायला गेलं तर लाईन तुंबेल. म्हणून मध्ये एन्कोडर. तो एक चित्र अख्खं ठेवतो आणि पुढच्या चित्रांत फक्त काय बदललं तेवढंच लिहितो. भिंत जागची हलत नाही, तर भिंत पुन्हा कशाला पाठवायची? अधूनमधून पुन्हा एक अख्खं चित्र. मग तिकडचा फोन जोडून जोडून सगळं उभं करतो. सोपं आहे. लोक उगाच यासाठी इंजिनिअर होतात.

गणपतरावांना त्यांच्या भाषेत समजावलं. म्हटलं, समजा दूध नेसरीला पाठवायचंय. इथे आटवून त्यातलं पाणी काढायचं, हलकं झालं की पाठवायचं, आणि तिकडे पोचल्यावर पाणी घालून परत दूध करायचं. गणपतराव उठून उभे राहिले. म्हणाले, पाण्याचं नाव काढू नगा, तीन पिढ्या झाल्या, आमच्या घागरीला पाणी म्हाईत न्हाई.

मी एन्कोडरबद्दल बोलतोय हे पटवायला बराच वेळ गेला. पूर्ण पटलं नसावं. संध्याकाळी दूध आलं ते फारच घट्ट होतं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

पहिलं टेस्टिंग. जागा गोठा, कॅमेरा माझा फोन, स्टँड म्हणून प्रमोदिनीच्या शिवणयंत्राचा स्टूल.

लॅपटॉपवर चित्र आलं. पाखरी नाही. मागे काळा गोठा आणि त्यात थोडे जास्त काळे चौकोन. त्यातला एक चौकोन रवंथ करत होता.

पुण्याला अदितीला फोन केला. कन्या अशाच कुठल्यातरी व्हिडिओच्या कंपनीत आहे. मी विचारतोय असं सांगितलं नाही, ऑफिसातल्या एकाला अडचण आहे म्हणालो. ती म्हणाली, ऑफिसातल्या त्या काकांना सांगा, काळ्यावर काळं आलं की एन्कोडरला वाटतं इथे बघण्यासारखं काही नाही, मग तो तिथे चिकटपणा करतो. उजेड वाढवा, किंवा बिटरेट वाढवा, म्हणजे सेकंदाला जास्त माहिती पाठवा. आणि बाबा, तुम्ही जेवताय ना वेळेवर?

गणपतरावांना निष्कर्ष सांगितला. म्हटलं, यंत्राच्या मते पाखरीत बघण्यासारखं काही नाही. ते माझ्याकडे पाठ करून धार काढायला बसले. पाखरीनेही तोंड फिरवलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

उजेडापेक्षा सोपा उपाय सुचला. पाखरीला पाडव्यादिवशी हलकी पावडर लावायची. एन्कोडरला कडा सापडतील.

गणपतराव म्हणाले, नरसिंगराव, म्हस हाय, नवरी न्हवं. मग त्यांनी माझी शिकवणी घेतली. अंगावरचे केस भादरायचे, तेल लावायचं, जितकी काळी आणि जितकी चमकती तितके गुण जास्त. म्हणजे पंचांना जे हवं ते नेमकं एन्कोडरला नको. या विषयावर अजून कोणी संशोधन केलेलं दिसत नाही. मनात नोंद केली.

शेवटी तालमीचे फोकस मागून घेतले. आता चित्रात शिंगं दिसतात. शिंगांच्या खाली काय आहे ते ज्याचं त्याने ओळखावं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

नेसरीपर्यंत टेस्टिंग. स्नेहलच्या फोनवर लिंक पाठवली. इकडून मी गोठा दाखवतोय आणि तिकडून स्नेहल सांगतेय, काका, नुसतं गोल फिरतंय. गोल फिरतं म्हणजे माल पोचत नाही. धोंडुबाई मागून ओरडून विचारत होत्या, म्हस फिरतीया व्हय? मी नाही म्हटलं.

पुन्हा अदिती. या वेळी ऑफिसातल्या काकांचं नाव तिनेच घेतलं. तिने समजावलं ते मला आवडलं, कारण ते माझ्याच दुधाच्या उदाहरणासारखं होतं. व्हिडिओ धारेसारखा जात नाही म्हणे, कॅनमधून जातो. एक कॅन काही सेकंदांचा. तो भरला की निघतो, मध्ये सर्व्हरवर थांबतो, आणि बघणाऱ्याचा फोन दोन-तीन कॅन जमल्याशिवाय झाकण उघडत नाही. रेंज खराब असेल तर कॅन मोठे ठेवा, साठा जास्त ठेवा, चित्र अडकणार नाही. पण मग उशीर वाढेल. इथे घडलेलं तिथे अर्धा-पाऊण मिनिटाने दिसेल.

मी म्हटलं, वाढू दे. धोंडुबाईंना कुठे एसटी गाठायचीय?

सेटिंगमधली कमी उशिराची खूण काढून टाकली. नेसरीला चित्र खडखडीत स्थिर. गोल बंद. स्नेहल म्हणाली, काका, आता दिसतंय की. शेवटी अनुभव तो अनुभव.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

नवं संकट. पाखरी पळतच नाही. गणपतरावांनी सकाळी मोटारसायकलवरून गल्लीला पाच फेऱ्या मारल्या. गल्लीतली सगळी बाळं उठली, पाखरी जागची हलली नाही.

मग नकळत शोध लागला. धोंडुबाईंचा फोन आला आणि गणपतरावांनी तो गोठ्यात स्पीकरवर घेतला. त्या म्हणाल्या, ये गं पाखरे, ये माजे बाय. पाखरीचे कान ताठ. दाव्याला हिसका देऊन पुढे आली आणि फोन चाटला. गणपतराव फोन पुसत म्हणाले, मी एवढं पेंड चारतो, आन ऐकती तिचं.

माझ्या डोक्यात वीज चमकली. मैदानावर धोंडुबाईंचा आवाज लावायचा! गणपतरावांचा फोन माझ्या टेबलावर, तो मोठ्या साऊंड बॉक्सला जोडलेला. तिकडे स्नेहलच्या फोनवर धोंडुबाई प्रक्षेपण बघतील, आपल्या साध्या फोनवरून हाक मारतील, इकडे पाखरी पळेल. नेसरीतून म्हैस चालवणं. बातमीच होईल.

गणपतराव म्हणाले, पर हाक कवा मारायची ते तिला कसं कळायचं? मी म्हटलं, दिसेल ना! लाईव्ह आहे!

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. वसुबारस.

रंगीत तालीम. गणपतराव गल्लीच्या टोकाला मोटारसायकलवर, साऊंड बॉक्स त्यांच्या मागे, मधे पाखरी मोकळी. फोनवर धोंडुबाईंना म्हटलं, हं, मारा हाक. त्यांनी मारली. पाखरी अशी सुटली की गणपतरावांनाच बाजूला व्हावं लागलं. संपूर्ण यश.

रात्री अदितीला सांगितलं. या वेळी ऑफिसातले काका मध्ये आणले नाहीत. ती म्हणाली, बाबा, धोंडुकाकू बघून हाक मारणार आहेत का? म्हटलं, मग काय न बघता मारतील? ती म्हणाली, मग साधा व्हिडिओ कॉल करा ना. त्यात जवळजवळ उशीर नसतो. स्ट्रीमिंग वेगळं, कॉल वेगळा.

व्हिडिओ कॉल! व्हिडिओ कॉल काय, केळीवाला पण करतो. त्याला डायरेक्टर लागत नाही. ती पुढे पाऊण मिनिट, पाऊण मिनिट असं काहीतरी सांगत होती. मी फोन प्रमोदिनीकडे दिला. दोघी बराच वेळ हळू आवाजात बोलल्या. फराळाचं असणार.

१९ ऑक्टोबर, रविवार

फ्लेक्स लागला. वर पाखरी, मध्ये तालमीचे पदाधिकारी, खाली थेट प्रक्षेपण: नरसिंगराव, असं. माझा फोटो पाखरीच्या शिंगाएवढा आलाय. प्रमोदिनी म्हणाली, बरं झालं, लांबून कळत नाही. तिला प्रसिद्धीची सवय नाही, म्हणून टोचते.

संकल्प:

शांत राहायचं. पाडव्यादिवशी धोंडुबाईंना मी फोनवर काही सांगणार नाही, मी कॅमेऱ्यावर असेन. त्यांना दिसेल तेव्हा त्या हाक मारतील. यंत्रावर विश्वास.

दुपारी झोपायचं नाही.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन.

लॅपटॉपची पूजा केली. हळदीकुंकू कीबोर्डमध्ये गेलं. एस अक्षर आता जोरात दाबावं लागतं.

नेसरीला फोन करून धोंडुबाईंना वेळ सांगितली. त्या म्हणाल्या, भावजी, आज डोळ्याला डोळा लागायचा न्हाई बगा. पाखरीला माजी साडी दावा सकाळी, वास घीऊ दे. मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर एकामागून एक चार चकल्या खाल्ल्या. भूक असावी.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा.

सकाळी ६. प्रमोदिनीने ओवाळलं. पाडव्याची ओवाळणी म्हणून तिला सांगितलं, आज तुला अभिमान वाटेल असं काहीतरी देतो. ती म्हणाली, साडी चालली असती.

सकाळी ११. पाखरीला बघून आलो. शिंगांना रंग, मोरपिसं, गळ्यात कवड्यांची माळ, अंग असं काळं चमकतंय की त्यात माझं तोंड दिसलं. गणपतरावांनी धोंडुबाईंची साडी तिच्या नाकाशी धरली होती आणि स्वतः दुसरीकडे बघत होते. मी उगाच वायरी तपासल्या.

दुपारी ३. मैदान. टेबल, लॅपटॉप, स्टँडवर कॅमेरा, शेजारी साऊंड बॉक्स. प्रेक्षक तीन. नेसरी, पुणे आणि माझाच दुसरा फोन. बाकी जग वेळेवर येईल.

दुपारी ३.४०. एक बारीक गोष्ट राहिली होती. टेस्टिंग गुलालाशिवाय केलं होतं. कोल्हापुरात गुलालाशिवाय काही होत नाही हे मला जन्मापासून माहीत आहे, एन्कोडरला मात्र कोणी सांगितलेलं नाही. पहिली म्हैस पळाली, पोती उधळली, आणि चित्रातला प्रत्येक ठिपका एकदम बदलायला लागला. एन्कोडर बिचारा काय काय लिहिणार? पडद्यावर नुसता गुलाबी चौकोनांचा गालिचा. त्यात मैदानातला प्रत्येक जण स्वतःचा फोन काढून शूटिंग करून पाठवतोय, म्हणजे रेंजही गेली. मी साठा आणखी वाढवला. चित्र सावरलं. किरकोळ उशीर वाढला असेल. पाखरीचा नंबर पुढचा आहे. पेन ठेवतो.

रात्री ९. आडवा होऊन लिहितोय. बसता येत नाही.

क्रमाने लिहितो, कारण पुढे लोक काहीबाही सांगतील.

पाखरीचं नाव पुकारलं. गणपतरावांनी मोटारसायकलला किक मारली, असा आवाज काढला की पंचांनी कान धरले. मी साऊंड बॉक्सकडे बघितलं. नेसरी गप्प. अजून गप्प. मी मनात म्हटलं, मारा हाक, धोंडुबाई, मारा.

पण पाखरी थांबली नाही कुणासाठी. साडीचा वास असेल, शेवटचं पळणं तिला कळलं असेल, काय असेल ते, ती आपणहून सुटली. मोरपिसं आडवी, माळ वाजतेय, मागे गुलालाचा ढग. सगळी पेठ उभी राहिली. माझ्या अंगावर काटा आला, हे इथे कबूल करायला हरकत नाही. पंचांसमोर येऊन ती थबकली आणि दगडासारखी उभी राहिली. आता फक्त शिट्टी. ढाल आमची.

मी कॅमेऱ्यासमोर आलो, कॉलर नीट केली आणि जगाला अंगठा दाखवला.

तेवढ्यात साऊंड बॉक्स बोलला. नेसरीत मोटारसायकल आत्ता सुटली होती. धोंडुबाईंनी सगळा जीव एकवटून हाक मारली, ये गं पाखरेऽ, ये माजे बाय, पळ!

पाखरीने मान वळवली. पंचांकडे नाही, गणपतरावांकडे नाही. बॉक्सकडे. म्हणजे टेबलाकडे. म्हणजे माझ्याकडे.

मी फोन बंद करायला धावलो. गडबडीत आवाज वाढला. धोंडुबाई दुप्पट मोठ्याने म्हणाल्या, ये, ये, अजून जोरात!

ती आली. टेबल गेलं, लॅपटॉप गेला, मी टेबलाखाली गेलो. पाखरी बॉक्स चाटत उभी राहिली. कॅमेऱ्याचा स्टँड तेवढा वाचला, प्रक्षेपण त्यावरच्या फोनमधूनच जात होतं, आणि तिचं तोंड बरोबर त्याच्यासमोर. कुठेतरी शिट्टी झाली. पंचांनी बाद केलं म्हणून.

माझा दुसरा फोन माझ्या नाकाशेजारी उताणा पडला होता. त्यात प्रक्षेपण चालू होतं. मी डोळ्यावरचा गुलाल पुसून बघितलं तर त्यात मी. ताठ उभा. कॉलर नीट करतोय. मग मी माझ्याकडे बघून अंगठा दाखवला. तो माणूस फार खुशीत होता. त्याला सांगावंसं वाटलं, पण सांगायला उशीर झाला होता.

गणपतराव आले. मला वाटलं मला उठवायला. त्यांनी पाखरीच्या गळ्यात हात टाकला आणि तसेच उभे राहिले. कोल्हापुरात माणूस शिव्या देत नाही तेव्हा प्रकरण गंभीर असतं.

मग टेबलावरून पडताना कॉल तुटलेला त्यांचाच फोन वाजला. धोंडुबाई. म्हणाल्या, गुलालात धड काय कळंना झालंय, ढाल मिळाली न्हवं आमच्या पाखरीला? गणपतरावांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरणार नाही. फोनमध्ये म्हणाले, मिळाली की.

म्हणजे तिकडे काही दिसलंच नाही. गुलालात सगळं बुडालं. माझं पहिलं थेट प्रक्षेपण पूर्ण फेल गेलं आणि मी देवाचे आभार मानतोय.

प्रमोदिनीने पाठ शेकली. एकदाही हसली नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज.

नेसरीहून निरोप. धोंडुबाईंना ढालीचा फोटो हवाय. नातीला दाखवायचा आहे. नात अजून डोळे नीट उघडत नाही, पण फोटो हवाय.

गणपतराव दारात उभे राहिले. आत आले नाहीत. म्हणाले, हे तुमीच निस्तरा. मी निस्तरलं. कल्पना माझीच. गेल्या वर्षीची ढाल काढली, पुसली. खाली साल लिहिलंय, त्यावर गणपतरावांना अंगठा ठेवायला लावला. शेजारी पाखरी. एन्कोडर नाही, बिटरेट नाही, कॅन नाही. एक फोटो. पाठवला तसा पोचला, गोल फिरायच्या आत.

गणपतराव फोटोत हसले नाहीत. पाखरी चांगली आलीय.

२५ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी धोंडुबाईंचा फोन आला. गणपतरावांना नाही, मला. त्या म्हणाल्या, भावजी, तुमच्या मित्रानं अंगठा काढला असता तरी चाललं असतं. ढाल गेल्या सालची हाय. गोंडा मीच शिवलाय तिला.

मी काहीतरी बोलायला गेलो, गुलाल, रेंज, साठा. त्यांनी बोलू दिलं नाही. म्हणाल्या, मला समदं दिसलंय. पळताना दिसली, उभी ऱ्हायलेली दिसली, तुमी अंगठा दावताना दिसला. मग ती माज्याकडं आली. एकदम जवळ, हितं, नाकाला नाक लावून. डोळ्यातलं पाणी बी दिसत हुतं. लई उशिरा दिसलं, पर दिसलं. हाक मीच मारलीया, मग तिनं माज्याकडं यायचं न्हाई तर काय पंचांकडं जायाचं व्हय? ढालीचं सोडा. मी इच्यारलं तवा निस्ता गुलाल दिसत हुता, मागनं समदं दिसलं तवा कळलं ह्यांनी खोटं सांगितलं, म्हटलं बगू तरी किती दिस टिकतंय.

मग म्हणाल्या, ह्यांना लगीच सांगू नगा. दोन दिस तसंच ऱ्हाऊ दे.

फोन ठेवून मी खुर्चीत बसलो. आता बसता येतं. अदितीला कळवलं. ती म्हणाली, पाखरी शेवटी कॅमेऱ्यासमोर हलली नाही ना, त्यामुळे बदललं काहीच नाही, सगळी माहिती तिच्या तोंडावरच खर्च झाली, म्हणून डोळ्यातलं पाणीसुद्धा दिसलं.

प्रमोदिनीला सगळं सांगितलं. म्हटलं, बघ, शेवटपर्यंत सिग्नल होता. तांत्रिकदृष्ट्या प्रक्षेपण शंभर टक्के यशस्वी. पुढच्या वर्षी फक्त गुलालाचं काय ते बघायला हवं.

ती म्हणाली, गणपतरावांनी परवापासून दूध बंद केलंय. कोपऱ्यावरून पिशवी आणा. आणि जाताना गल्लीतून नको, मागच्या बाजूने जा, तो फ्लेक्स अजून आहे.